उलवे की घोडबंदर? बाजाराचे चक्र पाहून गुंतवणुकीचे घर घ्यावे का?

सीवूड्सकर

नमस्कार. राहते घर सीवूड्सला आहे आणि त्यावरचे कर्ज फिटलेले आहे. हाताशी सोळा-सतरा लाख रुपये आहेत आणि उरलेले कर्ज काढून सुमारे ८० लाखांपर्यंतचा दोन बीएचके निव्वळ गुंतवणूक म्हणून घ्यावा, असा विचार चालू आहे. डोळ्यांसमोर दोन ठिकाणे आहेत, नवी मुंबई विमानतळाजवळचे उलवे आणि ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील कासारवडवलीचा परिसर. एजंट मंडळी सांगतात की विमानतळ सुरू झाला आहे, आता थांबलात तर हा भाव पुन्हा दिसणार नाही. कार्यालयातील सहकारी सांगतात की बाजार शिखरावर आहे, दोन वर्षे थांबा, भाव आपोआप पडतील. बाजार नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे कशावरून ठरवले, असे विचारले तर दोन्ही पक्ष गप्प बसतात. मालमत्ता बाजाराचे चढउतार आधी ओळखता येतात का, आणि येत असतील तर निर्णय घेताना त्यांना किती वजन द्यावे, हे मला जाणून घ्यायचे आहे. 'घर घेणे केव्हाही चांगलेच' या धर्तीची उत्तरे कृपया नकोत.

निवृत्त_शाखाधिकारी

माझी बहुतेक नोकरी ठाणे आणि वाशी येथे गृहकर्जाच्या टेबलावर झाली, त्यामुळे या भागातील तीन फेऱ्या जवळून पाहता आल्या. पहिली १९९१ च्या उदारीकरणानंतर सुरू झाली, १९९५-९६ च्या सुमारास कळसाला पोहोचली आणि त्यानंतर २००२-०३ पर्यंत बाजार निपचित पडून होता. त्या काळी गृहकर्जाचा दर पंधरा टक्क्यांच्या आसपास होता, हे आज सांगितले तर तरुणांना खरे वाटत नाही. दुसरी फेरी कर्ज स्वस्त झाल्यामुळे आली. २००४ पर्यंत दर साडेसात-आठ टक्क्यांवर उतरले आणि ज्यांना आधी पात्रता नव्हती असे पगारदार मोठ्या संख्येने बाजारात आले. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर काही महिने व्यवहार थंडावले खरे, पण लवकरच भाव पुन्हा चढले आणि २०१३ पर्यंत चढत राहिले.

लोक सर्वाधिक अडकले ते त्यापुढच्या सात वर्षांत. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, मे २०१७ पासून महारेरा हे बिल्डरांवर नजर ठेवणारे राज्य प्राधिकरण कार्यरत झाले, त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आयएलअँडएफएस ही वित्तसंस्था हप्ते चुकवू लागल्यावर बिगरबँक वित्तसंस्थांनी बिल्डरांचा पतपुरवठा आखडता घेतला. या सगळ्या काळात भाव कोसळले असे म्हणता येत नाही. ते फक्त जिथल्या तिथे राहिले, आणि माझ्यासमोर बसणारा कर्जदार नऊ-दहा टक्क्यांनी व्याज भरत राहिला.

व्याजदर उतरले की भाव चढतात, या सूत्रावर मात्र फार विसंबू नये. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, मे २०२० ते मे २०२२ या काळात ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ टक्क्यांवर गेला. जुन्या अनुभवाप्रमाणे खरेदी मंदावायला हवी होती, पण नेमक्या त्याच काळात घरांची विक्री जोरात झाली. फेब्रुवारी २०२५ पासून दर पुन्हा उतरू लागले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते ५.२५ टक्क्यांवर आले. हप्ता परवडतो की नाही यावर व्याजदराचा परिणाम होतो यात शंका नाही, परंतु माणूस कर्जासाठी सही करतो ती पुढच्या पाच वर्षांतील नोकरीच्या भरवशावर.

पारसिक

वरच्या प्रतिसादात मागणीची बाजू चांगली आली आहे. चक्र फिरते ते मात्र मुख्यतः पुरवठ्याच्या दिरंगाईमुळे. आज भाव चढे आहेत म्हणून बिल्डर जमीन घेतो, परवानग्या मिळवतो, बांधकाम करतो आणि चार-पाच वर्षांनी ताबा देतो. तोवर त्याच भावाकडे पाहून इतर वीस जणांनी तेच केलेले असते. सगळ्यांचा कांदा एकाच आठवड्यात बाजार समितीत उतरला तर काय होते, हे लासलगावला कोणाला समजावून सांगावे लागत नाही. इथे पीक पाच वर्षांनी येते आणि नासत नाही, म्हणून ते कमी भावात विकण्याऐवजी धरून ठेवले जाते.

याचे ताजे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली आणि ठाणे, नवी मुंबईसारख्या शहरांत वाढीव चटईक्षेत्राची, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकाम करण्याची, दारे उघडली. लगेच जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकामावरील अधिमूल्यांत, म्हणजे बिल्डर परवानग्यांसाठी भरतो त्या शुल्कांत, पन्नास टक्के सवलत दिली. ती त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंतच होती आणि ती घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे अशी अट होती. मुदत ठरलेली असल्यामुळे प्रस्तावांची एकच झुंबड उडाली. त्यात चार-पाच वर्षे मिळवा, म्हणजे त्या इमारतींचे ताबे कोणत्या वर्षांत येतात हे कळेल. भरीला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या घरांच्या मोठ्या सोडती आहेत, आणि वाशीतील जुन्या इमारतींचा पुनर्विकासही आहे.

एक जाता जाता. अमेरिकेतील होमर हॉइट यांनी १९३३ साली शिकागोच्या शंभर वर्षांतील जमिनींच्या किमती तपासून साधारण अठरा वर्षांचे आवर्तन दाखवले होते. तेव्हापासून अनेक जण कोणत्याही शहराला अठराचा पाढा लावतात. नवी मुंबईत जमिनीचा सर्वात मोठा पुरवठादार सिडको आहे. तिने या वर्षी किती भूखंड निविदेला काढले यावर इथला भाव हलतो. तेव्हा शिकागोचे गणित खाडीपलीकडे जसेच्या तसे चालेल, असे मला वाटत नाही. माझा स्वतःचा अंदाज विचाराल तर तेजीचा उत्तरार्ध चालू आहे. तो एक वर्ष चालेल की चार, हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

खारघर_एजन्सी

मी व्यवसायाने एजंट आहे, तेव्हा माझे म्हणणे त्या हिशेबाने वाचावे. आमच्याकडे एक गोष्ट नवशिक्यालाही पहिल्या वर्षात कळते, ती म्हणजे मंदीत भाव पडत नाहीत, गिऱ्हाईक गळते. छापील दरपत्रक तेच राहते, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फुकट मिळू लागते, पार्किंगचे पैसे माफ होतात, स्वयंपाकघर तयार करून मिळते आणि 'ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही' असे फलक पाम बीच रस्त्यावर दिसू लागतात. दरपत्रक पाहून बाजार ओळखू पाहणारा म्हणूनच नेहमी फसतो.

सर्वात आधी हलते ती आमची दलाली. घरे आपोआप विकली जात असतात तेव्हा बिल्डर आम्हाला दारात उभे करत नाही. विक्री अडली की तोच दुप्पट दलाली देऊ करतो. दुसरी खूण रिसेलच्या, म्हणजे आपले जुने घर विकायला काढलेल्या, मालकाच्या बोलण्यात सापडते. तेजीत तो टोकन द्यायच्या दिवशी भाव वाढवतो. मंदीत त्याचा शब्द असतो, "गिऱ्हाईक आणा, बसून बोलू." सध्या खारघर आणि उलव्यात दोन्ही प्रकारचे मालक भेटतात. तयार आणि स्टेशनजवळच्या घरांचे मालक ताठ आहेत. स्टेशनपासून दूर, नवीन इमारतींच्या गर्दीत ज्यांचे फ्लॅट आहेत, ते बसून बोलायला तयार आहेत.

निवृत्त_शाखाधिकारी

'ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही' या योजनांबद्दल थोडे. बांधकामाच्या टप्प्यांशी निगडित नसलेले आगाऊ कर्ज देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते आणि जुलै २०१९ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजना टाळण्यास सांगितले. कर्ज ग्राहकाच्या नावावर असते. बिल्डरने व्याज भरणे थांबवले की नोटीस ग्राहकाच्या पत्त्यावर येते. अशी योजना नव्या नावाने दिसली, तर बाजार कोणत्या टप्प्यावर आहे हे वेगळे विचारण्याची गरज नाही.

हिशेबनीस

भाव का पडत नाहीत, याचे एक कारण करकायद्यातही आहे. व्यवहार रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या तक्त्यातील, मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी किमतीला दाखवला, तर फरकाची रक्कम विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, अशा दोघांच्याही करगणनेत येते, आणि मुद्रांक शुल्क तर दोन्हींपैकी जी रक्कम जास्त तिच्यावरच भरावे लागते. त्याशिवाय बिल्डरने शेवटचे दहा फ्लॅट उघडपणे स्वस्त विकले, तर आधीचे नव्वद ग्राहक त्याच्या कार्यालयात येऊन बसतात. म्हणून घसरण ही किमतीत न दिसता काळात दिसते. विकायला तीन महिने लागायचे तिथे दीड वर्ष लागते.

आता सीवूड्सकरांचा हिशेब मांडू. घर ८० लाखांचे, स्वतःचे १६ लाख आणि कर्ज ६४ लाख, साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी, असे धरले तर मासिक हप्ता सुमारे ५५,५०० रुपये येतो. पहिल्या वर्षी त्यातले व्याज साधारण ५ लाख ४० हजार असते. १६ लाख मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवले असते तर १ लाख १२ हजार मिळाले असते, ते गेले. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर मिळून ४० हजार धरा. एकूण जवळपास ६ लाख ९० हजार. भाडे महिना १८,००० आणि वर्षातून एक महिना घर रिकामे, म्हणजे १ लाख ९८ हजार हाती आले. उरलेले ४ लाख ९० हजारांहून अधिक तुमच्या खिशातून गेले, आणि हे घराच्या किमतीच्या सहा टक्क्यांपेक्षा थोडे जास्त आहेत.

याचा अर्थ घराचा भाव दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढला, तर तुम्ही पहिल्या वर्षी फक्त होता तिथे राहता. मुद्रांक शुल्काचे सहा-सात टक्के, नोंदणीचे ३०,००० रुपये, दलाली आणि बांधकामाधीन घर असेल तर ५ टक्के जीएसटी हे यात धरलेलेच नाही. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा अधिकृत दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी लागत नाही, ही बाब गुंतवणूकदाराच्या दृष्टीने लहान नाही.

चक्राचा विचार या हिशेबात बसवावा लागतो. २०१३ ते २०२० सारखी सपाट सात वर्षे पुन्हा आली, तर हप्ता न चुकवता आणि घाईने विक्री न करता ती काढता येतील का? येत असतील तर तुम्ही शिखरावर घेतले काय आणि त्याआधी घेतले काय, नुकसान मर्यादित राहते. येत नसतील, तर तळाला घेतलेले घरही नोकरी गेली की मिळेल त्या भावात विकावे लागते. बाजाराचा टप्पा ओळखण्यात जेवढी बुद्धी खर्च होते, तिच्या निम्मी जरी या प्रश्नावर खर्च केली तरी बरेच निर्णय बदलतील.

उरणकर

उलव्याविषयी इथल्या माणसाचे ऐका. विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ साली मिळाली. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आणि प्रत्यक्ष विमाने उडाली ती २५ डिसेंबर २०२५ पासून. या अठरा वर्षांत विमानतळाच्या नावावर उलवे किती वेळा विकले गेले याची गणती नाही. मंजुरी, निविदा, भूमिपूजन, पहिली चाचणी, प्रत्येक बातमीला भाव एक पायरी चढला. त्यामुळे 'विमानतळ आला, आता भाव वाढेल' असे म्हणणाऱ्याला विचारा की वाढ कुठल्या भावावर मोजायची, कारण आजच्या भावात विमानतळ आधीच बसलेला आहे.

भाडे मात्र बातमीवर चालत नाही. नेरुळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंत गाडी नोव्हेंबर २०१८ मध्ये आली, उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये पोहोचली आणि २१.८ किलोमीटरचा अटल सेतूही त्याच महिन्यात खुला झाला. गाडी येण्यापूर्वी उलव्यात भाडेकरू शोधत फिरावे लागत असे. आता विमानतळावर काम करणारी मुले खोल्या विचारत येतात. त्यांना एक बीएचके हवा असतो, तोही तिघांत मिळून; ८० लाखांच्या दोन बीएचकेला साजेसे भाडे देणारे कुटुंब अजून कमीच भेटते.

आणखी एक गोष्ट एजंट मंडळी पटकन सांगत नाहीत. उलव्यातील पुष्कळ इमारती साडेबारा टक्के योजनेच्या, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात मूळ मालकांना विकसित भूखंड देण्याच्या योजनेच्या, भूखंडांवर उभ्या आहेत. प्रकल्पग्रस्ताला मिळालेला भूखंड सिडको, मूळ धारक आणि बिल्डर यांच्यातील त्रिपक्षीय करारनाम्याने हस्तांतरित होतो, आणि तेजीत असा एक भूखंड दोन-तीन हातांतून फिरलेला असतो. वारसांपैकी एखाद्याची सही राहून गेली असेल, तर तेजीत कोणी विचारत नाही. मंदीत बिल्डरचा पैसा आटला की तोच वाद न्यायालयात उभा राहतो. आमच्याच घरातल्यांना एका बिल्डरने या कारणावरून चार वर्षे ताबा दिला नव्हता. तेव्हा वकिलाकडून टायटल तपासताना मूळ वाटपपत्रापासूनची साखळी पाहा.

घोडबंदर_रहिवासी

कासारवडवलीतला रहिवासी म्हणून ठाण्याची बाजू सांगतो. वडाळा ते कासारवडवली या मेट्रो ४ ची आमच्या पट्ट्यातील चाचणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली आणि ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. दोन्ही प्रकल्पांना उरणकरांचे म्हणणे तंतोतंत लागू आहे. येथे पुरवठा प्रचंड आहे. पोखरण रस्ता आणि माजिवड्याकडील बंद कारखान्यांच्या जमिनींवर संकुले उभी राहिली, ती लाट पुढे सरकत गायमुखपर्यंत पोहोचली आणि अजून थांबलेली नाही. एकाच बिल्डरचा चौथा टप्पा शेजारी विकायला असताना पहिल्या टप्प्यातला तुमचा सात वर्षांचा फ्लॅट कोण घेणार, हा आमच्या सोसायटीतील विक्रेत्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. भाडे उलव्यापेक्षा बरे मिळते, कारण येथे शाळा, रुग्णालये आणि कार्यालये आधीपासून आहेत. उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो, तो हिशेबनिसांच्या ४० हजारांत मावणार नाही.

गुंतवणूकदारांनी भरलेली इमारत टाळावी, एवढे मी नक्की सांगेन. तेजी ओसरली की अशा इमारतीतले तीसजण एकाच वेळी विकायला निघतात.

सीवूड्सकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हिशेबनीस, तुमचा हिशेब दोनदा करून पाहिला. सात वर्षे दरमहा हप्त्यातून भाडे वजा जाता उरणारे सुमारे साडेसदतीस हजार खिशातून घालणे मला जमेल, पण मुलीच्या शिक्षणाची वर्षे नेमकी त्यातच येतात. एक शंका उरते. दरपत्रक खोटे बोलते हे मान्य केले, तर प्रत्यक्ष व्यवहार कोणत्या भावाने होत आहेत हे सामान्य माणसाने पाहायचे कुठे?

हिशेबनीस

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च ही सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक दिला की त्या मिळकतीवर नोंदवलेले दस्त दिसतात आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन उघडता येते. तिच्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन वेगळे आकडे असतात. पहिला म्हणजे करारातील किंमत, दुसरा रेडी रेकनरप्रमाणे काढलेले मूल्य. खाली क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख असते. एकाच इमारतीतील तीन-चार वर्षांचे दस्त घेऊन मोबदल्याला क्षेत्रफळाने भागा; भाव चढत आहे, थिजला आहे की नुसते दस्त कमी होत आहेत, हे तुमचे तुम्हालाच दिसेल. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतले) आहे की बिल्ट-अप (भिंती धरून), तेवढे मात्र प्रत्येक दस्तात तपासून घ्या, नाहीतर दर चुकीचा निघेल. बिल्डरने दिलेल्या फुकट वस्तू यात दिसत नाहीत, म्हणून नव्या इमारतीपेक्षा रिसेलचे दस्त अधिक खरे बोलतात.

पारसिक

त्याच्या जोडीला महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पाहा. एकूण घरे किती, त्यांपैकी नोंदवलेली किती आणि पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली, हे तेथे मिळते. शेजारशेजारच्या चार प्रकल्पांची न विकलेली घरे मांडली की त्या कोपऱ्यातले चक्र कुठे आहे ते कळते. संपूर्ण मुंबई महानगराच्या आकड्यांपेक्षा तुम्हाला त्या कोपऱ्याशीच काम आहे.

सीवूड्सकर

काल रात्री उलवे आणि कासारवडवली दोन्हीकडचे दस्त पाहत बसलो. उलव्यात माझ्या मनात असलेल्या इमारतीत गेल्या दोन वर्षांत रिसेलचे दस्त अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले आहेत, आणि तरी मालक सांगतात तो भाव त्यांतील सर्वात वरच्या दस्तापेक्षाही जास्त आहे. त्यामुळे ८० लाखांचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. नेरुळ-सीवूड्समध्येच भोगवटा प्रमाणपत्र असलेला, स्टेशनपासून चालत जाता येईल असा जुना एक बीएचके, कर्ज निम्म्याहून कमी ठेवून पाहावा, असे आता वाटते. तो सिडकोच्या भाडेपट्ट्यावरचा असेल, तर हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क कोणी भरायचे, हे व्यवहारात कसे ठरते?

खारघर_एजन्सी

हस्तांतरण शुल्क कोणी भरायचे हे टोकन देण्यापूर्वी लेखी ठरवावे. नंतर त्यावरूनच व्यवहार मोडतात. ते क्षेत्रफळावर अवलंबून असते, तेव्हा चालू दर सिडकोकडूनच पाहून घ्या. सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र, मालकाचे आधीचे हस्तांतरण सिडकोच्या नोंदीत चढले आहे की नाही आणि त्याचे कर्ज फिटल्याचे पत्र, या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय करारनामा नोंदवू नका. जुन्या एक बीएचकेचे दोन-तीन मालक सध्या बसून बोलायला तयार आहेत. पण तुम्ही आधी त्यांच्या इमारतींचे दस्त पाहून या, मग भाव मी सांगतो.